पिच्चर संपल्यावरची नावं

दामूभाऊ गेले हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाईलवर कळलं. गावातल्या कुठल्याशा व्यापारी ग्रुपवर टाकलेला मजकूर तिसऱ्या-चौथ्या हाताने माझ्यापर्यंत आला होता. ‘लग्नसमारंभाचे व्हिडिओ शूटिंग करणारे आपल्या सर्वांचे परिचित दामोदर नान्हे यांचे हृदयविकाराने निधन.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. लग्नसमारंभाचे! ज्या माणसाने सिंदेवाहीच्या जंगलात सात पिच्चर काढले, ज्याचे पिच्चर राजुऱ्याच्या कोळसा खाणीतल्या कामगारांनी आणि मुलचेऱ्याकडच्या बंगाली वाड्यांनी सीडी झिजेपर्यंत पाहिले, त्याच्या नावापुढे फक्त लग्नं उरली. मला इतका राग आला की हातातला चहा तसाच टेबलावर आपटला आणि वह्यांवर सांडला. चार दिवसांनी शोकसभा झाली तेव्हा तर कहरच झाला. एक प्रतिष्ठित वक्ते म्हणाले, “मधल्या काळात दामूभाऊ जरा भलत्या नादाला लागले होते, त्याबद्दल आज बोलायला नको.” लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. पहिल्या रांगेत दामूभाऊंची बायको सुशीलाबाई बसली होती, सातही पिच्चरमध्ये सगळ्यांच्या आधी मरणारी. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मी उठून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही... म्हणून आज पाच आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे, आणि ज्यांना भलत्या नादाबद्दल ऐकायचं नसेल त्यांनी पान उलटावं.

तर तो भलता नाद असा. दामूभाऊ जातीचे ढिवर, वडिलांची हयात तलावावर मासे धरण्यात गेली. मासे धरताना पाण्यावर तरंगायला वाळलेला भोपळा, म्हणजे तुंबा, कमरेला बांधतात. वडील गेल्यावर दामूभाऊंनी त्यांचा तुंबा उभा कापला, त्याला डोळ्यांची दोन भोकं पाडली, मागून जाळ्याची दोरी ओवली आणि तो तोंडावर बांधला. हा त्यांच्या पिच्चरमधला खुनी, तुंब्या. पहिला पिच्चर ‘तुंब्या’, दुसरा ‘तुंब्या परत आला’, तिसऱ्यात त्याची बायको त्याला शोधायला निघते, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गोष्ट सातही वेळा एकच. पाच-सहा माणसं सरपणाला, मोहाला नाहीतर सहलीला जंगलात जातात, एक म्हातारा त्यांना जाऊ नका म्हणतो, ती जातात, आणि तुंब्या त्यांना एकेक करून कोयत्याने मारतो. खुनी नेहमी दामूभाऊच व्हायचे. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बटण दाबायचे, तुंबा बांधायचे, धावत जाऊन माणूस मारायचे आणि धावत परत येऊन कॅमेरा बंद करायचे. शहाण्या लोकांना हसण्यासारखं त्यात भरपूर होतं. कोयता पुठ्ठ्याचा होता आणि एकदा भर दृश्यात दुमडला. अमावस्येच्या रात्री माणसांच्या सावल्या पायाखाली काळ्याभोर पडायच्या, कारण ती रात्र भर दुपारी, भिंगावर निळा जिलेटीन कागद लावून घेतलेली असायची. या सावल्यांवर किती जणांनी दात काढले! पण चार वाजले की दामूभाऊ सामान आवरायला लावायचे हे कुणी विचारात घेतलं नाही. “पिच्चरसाठी मी कोणाचं लेकरू दिवस मावळल्यावर रानात ठेवनार नाई,” ते म्हणायचे. “लोकं हासतीन तं हासू दे.” आमच्या जंगलात मावळतीनंतर थांबायचं नसतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ती सावली कधीच चुकीची वाटली नाही.

मी मात्र त्या काळात शहाण्यांच्याच बाजूला होते. मराठी शिकवते, त्यामुळे दामूभाऊ संवादाची वही घेऊन माझ्याकडे यायचे. मला ‘मास्तरीनबाई’ म्हणायचे. मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची आणि वर उपदेशही करायची. “दामूभाऊ, एवढी नाटकं होतात आपल्या झाडीपट्टीत, एखादं सामाजिक विषयाचं करा ना. हे रक्त, ही कापाकापी कशाला?” ते वही गुंडाळत म्हणायचे, “सामाजिकच तं करून राह्यलो, बाई.” मला वाटायचं थट्टा करतात. चौथ्या पिच्चरच्या वेळी माझा धाकटा भाऊ नरेश त्यांच्या टोळीत सामील झाला, तेव्हा तर मी दोघांशीही आठवडाभर बोलले नाही. नरेश गावी शेती पाहायचा, आईजवळ राहायचा, आणि त्याला मरायची भारी हौस होती. कोयता लागला की तो तीन झाडांना धरत, दोनदा उठत, एकदा पाणी मागत असा सावकाश मरायचा. दामूभाऊ तुंब्याच्या आतून ओरडायचे, “मर ना बे लवकर, टेप सरून राह्यली!”

त्याच पिच्चरचा एक किस्सा सांगते, कारण त्याच्यावरूनही लोकांनी त्यांना मूर्खात काढलं. नाटकवाल्यांकडून रक्त आणायला परवडत नाही म्हणून दामूभाऊंनी मोहाची फुलं शिजवून त्यांचा दाट पाक केला आणि त्यात जिलेबीचा रंग घातला. पडद्यावर ते रक्त फार छान दिसायचं. पण भर चैत्रात, जंगलात, माणसाला मोहाच्या पाकाने माखून झाडाखाली झोपवणं हा वेडेपणा फक्त आमच्याकडचेच लोक करू शकतात. नरेश मेलेला पडला होता. आधी मुंग्या आल्या, त्याने दम धरला. मग पलीकडच्या झुडपातून अस्वल आलं. मोहासाठी अस्वल कुठूनही येतं हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि त्या दिवशी एकालाही आठवलं नव्हतं. सगळे पळाले. नरेशने डोळे मिटलेले, त्याला वाटलं दृश्य अजून चालू आहे. दामूभाऊ तेवढे उलट्या दिशेने धावले, तोंडावर तुंबा तसाच, हातात रॉकेलचा रिकामा डबा, तो बडवत आणि अस्वलाला अर्वाच्य शिव्या देत. अस्वलाने काय पाहिलं कोण जाणे, ते वळून निघून गेलं. कॅमेरा चालूच होता, त्यामुळे हे सगळं पिच्चरमध्ये आहे. फक्त त्यानंतरचं नाही. नरेशने मला सांगितलं की दामूभाऊ तुंबा काढून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. पुढच्या पिच्चरपासून बिटाचं पाणी आलं.

आता ज्यांना प्रश्न पडतो की जंगलात राहणाऱ्या लोकांना जंगलातल्या खुनाचे पिच्चर कसे काय आवडतात, त्यांच्यासाठी. हा प्रश्न मला नागपूरच्या एका विद्वान बाईंनी अगदी काळजीने विचारला होता... तुमच्याकडे आधीच एवढी भीती, मग आणखी हिंसा कशाला? दामूभाऊंचे खेळ बाजाराच्या दिवशी दुपारी, राइस मिलच्या रिकाम्या गोदामात व्हायचे. भाजी घेऊन झाली की बाया पिशव्यांसकट पोत्यांवर बसायच्या. ह्याच बाया पहाटे मोह वेचायला जाताना चार चारच्या घोळक्याने, पाठीला पाठ लावून वाकायच्या. आणि इथे पडद्यावर सुशीलाबाई एकटी सरपण गोळा करतेय, मागे झाडाआड तुंब्याचं पांढरट तोंड दिसलं, की सगळं गोदाम एका आवाजात ओरडायचं, “मांगं पाह्य वो बाई! मांगं पाह्य!” सुशीलाबाई सात पिच्चरमध्ये एकदाही मागे पाहत नाही. लोक कपाळावर हात मारून घ्यायचे, हसायचे, दाणे-मुरमुरे सांडायचे. एकदा माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, तिच्या सुनेला मागच्याच हंगामात वाघाने नेलं होतं. मी तिला म्हटलं, आजी, तुम्ही हे कसं पाहता? तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. “इथी बोंबलता तरी येते ना, माय,” ती म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे तोंड करून ओरडायला लागली. विद्वान बाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी वहीत टिपून घेतलं. एखादा पिच्चर पाहायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

पण दामूभाऊंचा खरा पिच्चर ‘समाप्त’नंतर सुरू व्हायचा, आणि आज माझं सगळं भांडण त्याच्यासाठी आहे. पहिल्या पिच्चरमधला दुसरा बळी होता सायकल दुरुस्तीच्या दुकानातला एक पोरगा. त्याची आई पहिलाच खेळ पाहायला आलेली. पडद्यावर पोराच्या मानेवर कोयता बसला आणि माऊलीने जो हंबरडा फोडला... पोरगा तिच्या शेजारीच बसला होता. तो तिला हलवून सांगत होता, “माय, मी इथी हाये, इथी पाह्य,” आणि ती पडद्यावरच्या पोरासाठी ऊर बडवत होती. खेळ बंद करावा लागला. दामूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत असं सुशीलाबाई सांगते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मेलेल्यांना परत जंगलात नेलं, जो जिथे मेला तिथे झोपवला, आणि कॅमेरा सुरू केला. एकेकाने उठायचं, रक्त पुसायचं, कॅमेऱ्यासमोर यायचं आणि म्हणायचं, मी मेलो नाई, मी अमुक अमुक, राहणार अमुक. मग सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. हे पिच्चरच्या शेवटी जोडलं आणि तेव्हापासून तो नेमच झाला. कॅमेऱ्यामागून दामूभाऊंचा आवाज यायचा, “मोठ्यानं सांग. मांगच्याले आयकू आलं पाह्यजे.” नाव-गाव सांगितल्याशिवाय एकही माणूस त्यांनी मेलेला सोडला नाही. गोदामातले लोक यासाठी शेवटपर्यंत थांबायचे आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाजवायचे.

नरेश गेला त्याला आता सहा वर्षं होतील. तेंदूपानाचा हंगाम होता, बाकी मला लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला. आतल्या पानावर चार ओळी होत्या, ‘वाघाच्या हल्ल्यात आणखी एक ठार’. त्यात वनक्षेत्र कोणतं, कक्ष क्रमांक किती, सगळं होतं. माझा भाऊ ‘एक इसम’ होता. मी मराठी शिकवते, पोरांना बातमी कशी लिहावी ते शिकवते, आणि मी त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते की कुठेतरी नाव असेल, माझ्याकडून सुटलं असेल. आजही तो पेपर माझ्याकडे आहे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दामूभाऊ गावी आले, अंगणात बसले. जाताना आईच्या हातात एक सीडी ठेवली. “काकू, पूरा पिच्चर नका पाहू. शेवटचंच पाहजा.” मी भडकले होते. याला काही काळवेळ आहे का, असं मनात म्हटलं. आईने दुपारी शेजारच्या मुलीकडून ती लावून घेतली. जमिनीवर पडलेला नरेश उठला, बाहीने तोंडावरचा पाक पुसला, बोट चाटलं आणि हसत म्हणाला, “मी मेलो नाई. मी नरेश महादेव वाढई, राहनार चिचटोला.” दोन आठवड्यांत आई पहिल्यांदा पोटभर जेवली. त्या दिवशी मला कळलं की दामूभाऊ ‘सामाजिकच करून राह्यलो’ म्हणायचे ते थट्टेने नव्हतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग?

ती सीडी आईने रोज पाहिली, ओरखडे पडून पडून ती मागच्या वर्षी ‘राहनार’ला अडकायला लागली आणि या पावसाळ्यात पूर्ण बंद पडली. दामूभाऊ म्हणाले, करून देतो, सगळं डिस्कमध्ये भरून ठेवलंय. आमची शेवटची भेट तीच. श्रावणात शाळेत आले होते, आठव्या पिच्चरची वही घेऊन. म्हातारा झालेला तुंब्या आता कुणाला पकडू शकत नाही, माणसं मागे वळून त्याला पाणी पाजतात, असं काहीतरी होतं. चाचणी परीक्षा सुरू होत्या. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत बघू या का? ते म्हणाले, “बघू ना, मी कुठी जाऊन राह्यलो.” वही टेबलावर ठेवून गेले.

आणि आता त्यांचा भाचा. नाव लिहीत नाही, त्याला तेवढं तरी सोडते. शोकसभेनंतर आठ दिवसांत तो नागपूरहून आला, मामाची आठवण म्हणून डिस्क घेऊन गेला, आणि महिन्याच्या आत सातही पिच्चर इंटरनेटवर टाकले. ‘जगातले सर्वांत भंगार हॉरर, हसून हसून मराल’ असं वर लिहून! पुठ्ठ्याचा कोयता दुमडतो तिथे हसण्याचा आवाज भरलाय. सुशीलाबाई मरते तिथे बेडकाचा. मी दात ओठ खात शेवटपर्यंत पाहिलं. ‘समाप्त’ आलं आणि पिच्चर संपला. दुसरा लावला, तोही तिथेच संपला. सातही. मी त्याला फोन केला.

“बाळा, शेवटची नावं कुठे गेली?”

“ताई, ते कोणी पाहत नाही हो. समाप्त झालं की लोक पुढं सरकतात. बोअर होते ते. मी उडवलं.”

“म्हणजे तुझ्याकडे आहे ना ते वेगळं?”

“नाही ना. डिस्कमध्ये जागाच नव्हती.”

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी फोनच ठेवून दिला. पोरा, मेलेल्यांना उठवायला तुझ्या मामाने आयुष्य घालवलं आणि तू त्यांना परत मारलंस, तेही जागा नाही म्हणून! त्या डिस्कमध्ये माझा भाऊ होता. ज्या माणसाने हे केलं त्याला पिच्चर भंगार वाटतात याचं मला नवल वाटत नाही.

मागच्या रविवारी मी आईला घेऊन सुशीलाबाईकडे गेले. आईला काही सांगितलं नव्हतं, ती आपली भेटायला म्हणून आली. स्टुडिओच्या खोलीत तुंबा खिळ्याला तसाच टांगलेला होता, डोळ्यांच्या भोकांत कोळ्याने जाळं केलेलं. मी सुशीलाबाईला सगळं सांगितलं. ती जराही रडली नाही. नाकातून आवाज काढला आणि म्हणाली, “डिस्कबिस्कवर त्याईचा इश्वास कुठी होता, मास्तरीनबाई.” पलंगाखालून तिने मासे ठेवायची बांबूची जुनी ढुटी ओढून काढली. आत कॅमेऱ्याच्या छोट्या टेपा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकीवर दामूभाऊंच्या वाकड्या अक्षरात पिच्चरचं नाव, आणि खाली एकच शब्द, ‘जीवंत’. ‘जी’ दीर्घ काढलेली. मी हजारदा सुधारलेली चूक. चौथ्या पिच्चरची टेप मी छातीशी धरून उभी राहिले.

सुशीलाबाईने जुना कॅमेरा टीव्हीला जोडला. नरेश उठला. पाक पुसला, बोट चाटलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं, कुठेही न अडकता. आई पुढे सरकून बसली. मग बाकीचे आले, सगळ्यांत शेवटी सुशीलाबाई आली, पंधरा वर्षांनी तरुण, मानेवर लाल ओघळ. तिने नाव सांगितलं आणि ती तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या मागे बघून म्हणाली, “सगळ्याईचं झालं. आता तुमी सांगा.”

“मी काऊन सांगू?” दामूभाऊंचा आवाज. “मले कोनी मारलंच नाई.”

सगळे हसले, चहाचे कप वाजले, आणि टेप संपली. खोलीत टीव्हीचा निळा उजेड तेवढा राहिला. सुशीलाबाई पडद्याकडे बघत होती. “सांगा ना,” ती हळूच म्हणाली. “आता तं सांगा...”

मग माझी आई, जी घराबाहेर सहसा तोंड उघडत नाही, गुडघ्यावर हात टेकून उठली, टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “हा मेला नाई. हा दामोदर नान्हे, राहनार सिंदेवाही.”

“मोठ्यानं, काकू,” सुशीलाबाई म्हणाली. “मांगच्याले आयकू आलं पाह्यजे.”

आईने पुन्हा सांगितलं.